विश्लेषण : पुराने घर बुडाले, मुलाला बोटीवर जायचे आहे, आधी काय करावे?

कोकणात ‘मुलगा बोटीवर आहे’ एवढे सांगितले, की त्या घराबद्दल बाकी काही विचारावे लागत नाही. रत्नागिरी, गुहागर, दापोली, खेड, चिपळूण आणि रायगडमधील श्रीवर्धन-म्हसळ्याकडच्या अनेक घरांत व्यापारी जहाजांवरील नोकरी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. याच पट्ट्यातल्या नद्या पावसाळ्यात गावात आणि घरात शिरतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांच्या पाण्याने चिपळूण बुडाले. सावित्रीने महाड आणि जगबुडीने खेड बुडवले. चिपळूणकरांना तेव्हा २६ जुलै २००५ आठवला. पाणी ओसरल्यावर घरात चिखल उरतो, हातातली रोकड संपते आणि कुटुंबाला लवकरात लवकर एक पगार सुरू व्हावा असे वाटू लागते. नेमक्या या वेळी ‘दोन-अडीच लाख भरा, पोराला महिन्याभरात बोटीवर लावतो’ असे सांगणारा माणूस भेटला, तर त्याला नाही म्हणणे कठीण होते. म्हणून पुरानंतर घर सावरणे आणि प्रशिक्षणार्थी खलाशाची नोकरी हे दोन्ही प्रश्न एकत्र समजून घ्यायला हवेत.

पाणी ओसरल्यावर पहिले दोन-तीन दिवस काय करावे?

घरात पाऊल टाकण्यापूर्वी मेन स्विच बंद असल्याची खात्री करावी. मीटर किंवा बोर्डात पाणी गेले असेल, तर वायरमनने तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये. गॅस सिलिंडर वाहून आला किंवा उलटला असेल, तर तो न वापरता वितरकाला कळवावे. पाण्यात बुडालेली मोटारसायकल किंवा गाडी ‘सुरू होते का बघू’ म्हणून चालू करू नये. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारल्यास दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो आणि विम्याच्या दाव्यातही अडचण येऊ शकते.

चिखल उपसताना गमबूट आणि हातमोजे घालावेत. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नये. पुराच्या पाण्यात उंदीर आणि जनावरांचे मूत्र मिसळलेले असते, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. ताप, अंगदुखी, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास घरगुती उपाय करत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे आणि चिखलात काम केल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. विहिरीत पुराचे पाणी गेले असेल, तर उपसा आणि क्लोरिनेशन होईपर्यंत ते पिऊ नये. तोपर्यंत पाणी उकळूनच प्यावे.

पंचनाम्यापूर्वी घर साफ करावे का?

साफसफाई थांबवता येत नाही, पण पुरावा मात्र जपायला हवा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. तिचा फोटो दरवाजा किंवा खिडकीसह काढावा, म्हणजे पाणी किती उंच चढले ते दिसते. प्रत्येक खोलीचा एक व्हिडीओ घ्यावा. फ्रीज, टीव्ही, शिलाई यंत्र, गाद्या, धान्य यांचे वेगवेगळे फोटो काढावेत. त्यानंतरच वस्तू रस्त्यावर टाकाव्यात. खराब झालेल्या वस्तूंची यादी वहीत लिहून ठेवावी आणि बिले मिळाली तर त्यांचेही फोटो घ्यावेत. तलाठी किंवा पथक पंचनाम्यासाठी आले, की घरातील एका जबाबदार व्यक्तीने हजर राहावे आणि कागदावर काय लिहिले ते वाचूनच सही करावी. भाडेकरूंनीही आपल्या सामानाची नोंद स्वतंत्रपणे व्हावी यासाठी आग्रह धरावा.

सरकारी मदत किती असते, याचा अंदाज २०२१ च्या पॅकेजवरून येतो. त्या वेळी राज्य सरकारने ११,५०० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले होते. त्यात पूरग्रस्त कुटुंबाला १० हजार रुपये, दुकानदाराला कमाल ५० हजार, टपरीधारकाला कमाल १० हजार आणि पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख रुपये अशी तरतूद होती. अंशतः नुकसानीसाठी नुकसानीच्या प्रमाणात १५, २५ आणि ५० हजार असे टप्पे होते. प्रत्येक पुरानंतर शासन निर्णय वेगळा निघतो, त्यामुळे हेच आकडे पुढच्या वेळी गृहीत धरता येणार नाहीत. पण एवढे निश्चित, की या पैशात घर धुऊन स्वयंपाकघर पुन्हा सुरू होते. मुलाच्या प्रशिक्षणाची फी त्यातून भागत नाही आणि ती रक्कम त्यासाठी वळवूही नये.

घराचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवावे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक झाले. पुराचे नुकसान तिच्यात समाविष्ट आहे आणि इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सामानालाही ठरावीक मर्यादेपर्यंत आपोआप संरक्षण मिळते. गृहकर्ज घेतलेल्या अनेकांना आपल्या घराचा विमा आहे हेच ठाऊक नसते. कर्जाची फाईल एकदा उघडून पाहावी.

भिजलेल्या कागदपत्रांचे काय?

जहाजावर जाऊ इच्छिणाऱ्या मुलासाठी सर्वात महाग नुकसान इथे होऊ शकते. त्याची सगळी वाटचाल कागदांवर उभी असते. त्यात दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्ट, इंडोस क्रमांक, सीडीसी म्हणजे खलाशाचे सेवापुस्तक, सुरक्षा प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे आणि वैद्यकीय प्रमाणपत्र हे सगळे येते. यातला एक कागद कमी असला तरी रुजू होण्याची तारीख हुकते.

भिजलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढून सोडवू नयेत. चिखल लागला असेल तर स्वच्छ पाण्याच्या उथळ ताटात हलकेच धुवावा. नंतर कोऱ्या शोषक कागदावर सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात वाळवावेत. कडक उन्हात ठेवू नयेत, इस्त्रीही फिरवू नये. लगेच वाळवणे शक्य नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेजारच्या किंवा नातेवाइकाच्या फ्रीझरमध्ये ठेवावेत. त्यामुळे बुरशी लागत नाही आणि सवडीने वाळवता येतात.

जे कागद गेलेच, त्यांच्यासाठी मार्ग ठरलेले आहेत. आधी पोलीस ठाण्यात हरवल्याची किंवा नष्ट झाल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी. पुढच्या बहुतेक अर्जांना ती लागते. गुणपत्रिकेची दुय्यम प्रत शाळेमार्फत विभागीय मंडळाकडून मिळते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीत आहे. गुणपत्रिका डिजिलॉकरवर उपलब्ध असेल तर प्रत येईपर्यंत निभावते. पासपोर्टसाठी ‘खराब झालेला पासपोर्ट’ या वर्गात पुन्हा अर्ज करावा लागतो. पाने भिजून फुगलेला पासपोर्ट विमानतळावर अडवला जाऊ शकतो, म्हणून ‘चालून जाईल’ असे समजू नये. सीडीसीची दुय्यम प्रत नौवहन खात्याच्या शिपिंग मास्टर कार्यालयाकडून घ्यावी लागते. या सर्वांना वेळ लागतो. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच अर्ज करणे शहाणपणाचे.

जहाजावर जाण्याचे अधिकृत मार्ग कोणते?

मुख्य वाटा दोन आहेत. पहिली ‘रेटिंग’ म्हणजे खलाशी वर्गाची. दहावीनंतर जनरल पर्पज रेटिंग, म्हणजे ‘जीपी रेटिंग’ हा सहा महिन्यांचा निवासी अभ्यासक्रम करता येतो. त्यासाठी साधारण साडेसतरा ते पंचवीस वर्षे वय आणि विज्ञान, गणित, इंग्रजी या विषयांत किमान गुणांची अट असते. अभ्यासक्रमानंतर परीक्षा, मग सीडीसी आणि जहाजावर प्रशिक्षणार्थी म्हणून सुरुवात असा क्रम आहे. पुढे ऑर्डिनरी सीमन, एबल सीमन आणि बोसन अशा पायऱ्या लागतात. जुन्या पिढीने सारंग आणि तांडेल हे शब्द वापरले, ते याच कामाचे.

दुसरी वाट अधिकाऱ्याची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित घेऊन पुरेसे गुण मिळवल्यावर भारतीय सागरी विद्यापीठाची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हे विद्यापीठ २००८ मध्ये स्थापन झाले. नवी मुंबईतील ‘टी. एस. चाणक्य’ त्याच्याच अखत्यारीत आहे. एक वर्षाच्या नॉटिकल सायन्स पदविकेनंतर डेक कॅडेटला १८ महिने जहाजावर प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. तीन वर्षांची पदवी घेतल्यास हा काळ १२ महिने असतो. त्यानंतर परीक्षा देऊन तो अधिकारी होतो.

फी भरण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. संस्था नौवहन महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते संकेतस्थळावर पाहावे. आणि मुलाची वैद्यकीय तपासणी, विशेषतः डोळ्यांची, मान्यताप्राप्त डॉक्टरकडून आधी करून घ्यावी. रंगांधळेपणा असेल तर डेक विभागाची वाट बंद होते. हे फी भरल्यावर समजण्यात काही अर्थ नाही.

नोकऱ्या खरेच आहेत का?

आहेत, पण जाहिरातीत सांगतात तशा नाहीत. बिम्को आणि इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग यांच्या २०२१ च्या अहवालानुसार जगाच्या व्यापारी ताफ्यावर सुमारे १८ लाख ९० हजार दर्यावर्दी काम करत होते. सर्वाधिक दर्यावर्दी पुरवणाऱ्या पाच देशांत भारत आहे. २०२६ पर्यंत आणखी सुमारे ८९ हजार अधिकारी लागतील, असा या अहवालाचा अंदाज होता.

हाच आकडा जाहिरातीत ‘जगभर खलाशांची टंचाई’ असा येतो. मूळ अहवालात टंचाई सांगितली आहे ती प्रमाणपत्रधारक अधिकाऱ्यांची, त्यातही अनुभवी आणि वरिष्ठ पदांवरच्या तांत्रिक माणसांची. नुकताच सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून आलेल्या मुलाला ही टंचाई उपयोगी पडत नाही. त्याच्यासमोरची खरी अडचण जहाजावरच्या जागेची आहे. मोठ्या मालवाहू जहाजावरही साधारण वीस-पंचवीस माणसे असतात. त्यात प्रशिक्षणार्थींसाठी मोजक्याच खाटा असतात. संस्थांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले आणि या खाटा यांचा मेळ बसत नाही. टनेज कर योजनेचा लाभ घेणाऱ्या भारतीय कंपन्यांवर प्रशिक्षणाची जबाबदारी कायद्याने टाकलेली आहे, पण बहुसंख्य जहाजे परदेशी मालकांची असतात आणि त्यांना आधीच अनुभव असलेला माणूस हवा असतो. म्हणूनच प्रमाणपत्र हातात असलेली मुले वर्ष-दोन वर्षे घरी बसलेली दिसतात.

एकदा पहिला करार पूर्ण झाला, सेवापुस्तकात समुद्रावरचे महिने नोंदले गेले, की परिस्थिती बदलते. पगार डॉलरमध्ये असतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्यवस्थेनुसार एबल सीमनचे किमान मूळ वेतन जानेवारी २०२६ पासून महिना ६९० डॉलर ठरले. प्रशिक्षणार्थीला यापेक्षा बरेच कमी मिळते आणि करार संपल्यावर पुढचा मिळेपर्यंत उत्पन्न नसते. त्यामुळे घराच्या हप्त्यांचा हिशेब ‘बारा महिने पगार’ असा मांडू नये.

एजंट पैसे मागतो. ते बेकायदा आहे का?

होय. भारतात दर्यावर्दींची भरती करण्यासाठी नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्याला आरपीएसएल म्हणतात. परवानाधारक कंपनीने नोकरी लावण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. भारताने २०१५ मध्ये मान्य केलेल्या सागरी कामगार करारातही हेच तत्त्व आहे. उमेदवाराने वैद्यकीय प्रमाणपत्र, सेवापुस्तक आणि पासपोर्ट एवढ्याचा खर्च करायचा, बाकीचा खर्च जहाजमालकाचा.

त्यामुळे ‘जॉइनिंगचे पैसे’, ‘सिक्युरिटी’, ‘कंपनी चार्ज’ ही सारी नावे एकाच बेकायदा मागणीची आहेत. आणखीही काही खुणा ओळखता येतात. पैसे रोख किंवा एखाद्याच्या खासगी खात्यावर मागणे, टूरिस्ट व्हिसावर परदेशी बंदरात पाठवणे, जहाजाचे नाव आणि आयएमओ क्रमांक न सांगणे, करारपत्र ‘तिकडे गेल्यावर मिळेल’ म्हणणे, अधिकृत प्रशिक्षण न घेता परदेशी सीडीसी काढून देण्याचे आमिष दाखवणे. यातली एक जरी गोष्ट दिसली तरी थांबावे. परवान्याचा क्रमांक आणि मुदत महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मोबाइलवरूनही पाहता येते. क्रमांक खरा असला तरी बोलणारा माणूस त्याच कंपनीचा आहे का, हे कंपनीच्या कार्यालयात जाऊन विचारावे. गावातला, ओळखीचा, नात्यातला माणूस मध्ये असला म्हणून हे टाळू नये. अशा व्यवहारात ओळखीवरच भरवसा ठेवला जातो.

फसवणुकीत फक्त पैसे जात नाहीत. मालकाने पगार आणि रसद न देता जहाज वाऱ्यावर सोडण्याच्या घटना वाढल्या आहेत. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाच्या माहितीनुसार २०२४ मध्ये ३०० हून अधिक जहाजांवर तीन हजारांहून अधिक दर्यावर्दी असे अडकले आणि त्यांत सर्वाधिक भारतीय होते. पुरात घर गेलेल्या कुटुंबाला, मुलगा परदेशी बंदरात विनापगार अडकला आहे, हा दुसरा धक्का सोसवणारा नसतो.

पुराच्याच वर्षी प्रशिक्षणाची फी भरावी का?

नियम साधा ठेवावा. एखाद्या जहाज कंपनीने प्रायोजकत्वाचे पत्र दिले असेल, म्हणजे प्रशिक्षणानंतर जहाजावर घेण्याची लेखी हमी असेल, तर कर्ज काढून शिकवणे योग्य ठरू शकते. नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमांना बँकांचे शैक्षणिक कर्ज मिळू शकते आणि चार लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. प्रायोजकत्व नसेल, तर त्या संस्थेच्या मागच्या दोन तुकड्यांतील किती मुले प्रत्यक्ष जहाजावर चढली, ते त्या मुलांकडूनच विचारून घ्यावे. उत्तर समाधानकारक नसेल तर एक वर्ष थांबावे. वयाची मर्यादा पंचविशीची आहे. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाचे एका वर्षाने काही बिघडत नाही. त्या वर्षात इंग्रजी सुधारता येते, पोहणे पक्के करता येते आणि आयटीआयमधला फिटर किंवा वेल्डरचा ट्रेड शिकायला घेता येतो. फिटर-वेल्डरला जहाजावरही काम असते आणि गावातही.

घरातले दागिने किंवा जमीन विकून फी भरणे हा शेवटचा पर्याय समजावा, आणि एजंटसाठी तर तो पर्यायच नाही. आधीचे कर्ज असेल, तर पुरानंतर बँकेकडे हप्त्यांची पुनर्रचना लेखी मागावी. नैसर्गिक आपत्तीत अशी सवलत देण्याबाबत रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत, पण मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही.

रुजू होण्याचे पत्र आले आणि पूर आला, तर?

पत्र खरे असेल आणि घरातील माणसे सुखरूप असतील, तर शक्यतो जावे. पहिली संधी पुन्हा कधी येईल, सांगता येत नाही. जाणे अशक्य असेल किंवा कागदपत्रे भिजली असतील, तर फोनवर न थांबता कंपनीला ईमेल करावा. त्यासोबत घराचे फोटो आणि पोलीस नोंदीची प्रत जोडावी आणि पुढच्या तुकडीत किंवा दुसऱ्या जहाजावर घेण्याची विनंती करावी. नुसता फोन बंद ठेवणाऱ्या मुलाचे नाव यादीतून जाते. रुजू होताना पगारातील ठरावीक रक्कम दरमहा थेट घरच्या खात्यावर पाठवण्याची सोय मागता येते. सागरी कामगार करारात हा हक्क आहे. घर दुरुस्त करणाऱ्या आई-वडिलांना या नियमित रकमेचा मोठा आधार होतो.

यंत्रणांनी काय करायला हवे?

आपल्याकडे पुराचा पंचनामा घर, दुकान, शेत आणि जनावरे मोजतो. विद्यार्थ्याची प्रमाणपत्रे त्याच्या तक्त्यात बसत नाहीत. पूर ओसरल्यानंतर पंधरा दिवसांत तहसील कार्यालयात एक शिबिर घेऊन शिक्षण मंडळ, पासपोर्ट, आधार आणि नौवहन खात्याचे प्रतिनिधी एकत्र बसवले, तर शेकडो मुलांच्या फेऱ्या वाचतील. यासाठी नवा कायदा नको, जिल्हाधिकाऱ्यांचे एक पत्र पुरेसे आहे. प्रशिक्षण संस्थांनी पूरग्रस्त तालुक्यांतील मुलांना फीच्या हप्त्यांत मुदत द्यावी. आणि नौवहन महासंचालनालयाने प्रत्येक संस्थेची खरी भरती, म्हणजे किती मुले शिकली आणि किती वर्षभरात जहाजावर चढली, ती मराठीसह प्रादेशिक भाषांत प्रसिद्ध करावी. हा एक आकडा समोर असेल तर एजंटांचा निम्मा धंदा बसेल.

तोवर कुटुंबांनी क्रम पाळावा : आधी माणसांचे आरोग्य, मग पंचनामा आणि विमा, मग कागदपत्रे, आणि घर राहण्याजोगे झाल्यावर मुलाच्या प्रशिक्षणाचा निर्णय. ‘आजच पैसे भरा, नाहीतर जागा जाईल’ असे सांगणाऱ्याला एवढेच उत्तर द्यावे, की परवान्याचा क्रमांक लिहून द्या, आम्ही तपासून कळवतो. कायदेशीर कंपनी तो क्रमांक लगेच देते.